आवाजासकट

४ जून

घर लागलं एकदाचं! खोल्या दोनच, पण हवेशीर. नळाला पाणी आहे, खिडकीतून बसस्टँड दिसतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू बघून हसल्यासुद्धा. नोकरी तक्रार विभागात, फोनवर. लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायचा पगार मिळणार. बायको आणि चिऊ पुढच्या महिन्यात येतील. तोवर रोज संध्याकाळी चिऊला फोनवर गोष्ट सांगायची असं ठरलंय. कोल्ह्याचा आवाज माझ्याशिवाय कुणी काढलेला तिला चालत नाही.

अडचण एकच, माझा ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. ते आणि कपाट, दोन्ही इथे मावत नाहीत. बायकोने निकाल दिला की कपाट येईल. जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात टाकली. फोटो झकास आलेत. चांगल्या माणसाच्या हाती पडू देत.

६ जून

चांगला माणूस असतो कुठे? एकाने विचारलं, आहे का. आहे म्हटलं, तर तो गायब. दुसऱ्याने विचारलं, शेवटचा भाव काय. पहिला वाचायचे कष्ट नकोत! तिसऱ्याला त्याच्या मोबाइलच्या बदल्यात हवेत, वर मोबाइलची काच फुटलेली. चौथा म्हणाला, आवाज कसा आहे ते लिहून कळवा. लिहून!

९ जून

आज एक गृहस्थ सहकुटुंब आले. दुपारभर ठाण मांडून गाणी ऐकली, दोनदा चहा घेतला आणि उठताना म्हणाले, काळ्या रंगात हवे होते. फोटोत रंग दिसला नव्हता का? अंगाचा नुसता तिळपापड झाला. जाहिरात नव्याने लिहिली. ‘टाइमपास करणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये. घेणाऱ्याने तपासून घ्यावं. एकदा विकलेला माल कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. कटकट करणाऱ्याला ब्लॉक केलं जाईल.’ लिहून बरं वाटलं.

११ जून

‘श्रोता’ नावाचा एक जण मागे लागलाय. फोटो नाही, काही नाही. प्रश्न एकच, आवाजासकट देणार ना? म्हटलं, स्पीकर आहेत, आवाज असणारच. पुन्हा तेच. जेवताना तेच, साहेबांसमोर बसलो असताना तेच. शेवटी डोकं फिरलं. लिहिलं, हो रे बाबा, आवाजासकट ने, सगळा ने, पण माझं डोकं खाऊ नकोस. लगेच उत्तर आलं, ठरलं.

१२ जून

सकाळी आला. एक शब्द बोलला नाही. गाणं लावायला गेलो तर मानेने नको म्हणाला. पिशवीतून माइक काढला, ॲम्प्लिफायरला जोडला आणि माझ्यापुढे धरला. तपासत असेल म्हणून हॅलो हॅलो केलं. त्याने खूण केली, अजून. वैताग आला होता, तरी चिऊची कोल्ह्याची गोष्ट सांगून टाकली. तो डोळे मिटून ऐकत होता. माझ्याबरोबर त्याचे ओठ हलत होते. घासाघीस न करता सामान घेऊन गेला. सुटलो!

१३ जून

घसा बसलाय. त्या गिऱ्हाइकांशी डोकं लावण्याचा प्रसाद, दुसरं काय.

१५ जून

बसलाय कसला, आवाज गेलाय. खोकलोसुद्धा तरी नुसती हवा येते. डॉक्टर म्हणाले, घसा अगदी स्वच्छ आहे. साहेबांनी घरी बसवलं. बोलायचं झालं तर आता ही वही पुढे करावी लागते, आणि समोरच्याला नेमका तेव्हाच चष्मा सापडत नाही.

बायकोला मेसेज केला की आवाज गेलाय, आज गोष्ट जमायची नाही. तिने विचारलं, मग आत्ता चिऊला गोष्ट कोण सांगत होतं? आज कोल्हा फार छान झाला म्हणे.

१६ जून

श्रोत्याला लिहिलं, माझा आवाज परत दे. त्याने माझीच जाहिरात मला पाठवली. परत मिळणार नाही.

हलकट! मी स्पीकरचा आवाज म्हटलं होतं. स्पीकरचा! तोंडाला येतील त्या शिव्या लिहिल्या. तोंडाला कुठल्या, बोटांना.

त्याने मला ब्लॉक केलं.

१७ जून

बायकोला सगळं कळवलं. उशीर झाला. त्याने तिला दुसऱ्या नंबरवरून सांगून ठेवलंय की माझा मोबाइल चोरीला गेलाय, त्यावरून काही आलं तर खरं मानू नकोस. ती मला लिहिते, चोरा, माझ्या नवऱ्याचा आवाज मला कळतो. व्हिडिओ कॉल उचलत नाही. चिऊला घेऊन उद्याच निघतेय — त्याने बोलावलंय म्हणून —

खिडकीची काच फोडली हाताने. तिचा मात्र आवाज झाला.

१८ जून

स्टँडवर. गाडी आली. त्या नाहीत. वही कंडक्टरपुढे धरली. तो म्हणाला, बाई आणि छोटी अलीकडच्या फाट्यावर उतरल्या. घरच्यांचा फोन आला होता त्यांना.

धावतोय. रिक्षा थांबत नाही — हाक कशी मारू —

रिक्षात. फोन. बायकोचा नंबर —

चिऊ आहे. हळू बोलते. आई बाबाची हाक आली तिकडे गेली म्हणते. एक काका आहेत, बाबासारखे बोलतात, पण बाबा नाहीत. तू बाबा आहेस ना, विचारते. असलास तर बोल.

श्वास सोडतोय जोरात — ऐकू जात असेल का —

बोल ना म्हणते. कोल्हा कर म्हणते.

लिहितोय. कुणासाठी — तिला वाचता येत नाही —

तिच्या मागून कोल्हा ओरडला. माझा कोल्हा.

ती हसली. पावलं लांब जातायत. चिऊ थांब मी इथे मी तोंड उघडून नुसता —