पाण्यातलं क्लोराइड

चामराजपेट, बेंगळूर
१२ मे १९५९

प्रिय भाग्या,

हुबळीला पोचल्याचं कार्ड तुझ्या आईने, अक्काने घातलं, तू नाही. सरी, ठीक आहे, रागावली आहेस. तुझी मामीही माझ्याशी बोलते ती फक्त भाजी संपली की.

प्रॅक्टिकलच्या दिवशी तू रडत निघून गेलीस, त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. तुम्हा तिसाही जणांना एकच क्षार ओळखायला दिला होता. क्लोराइड असलं की पांढरं करणारे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले आणि सगळ्यांच्याच नळ्या पांढरट झाल्या. एकोणतीस जणांनी लिहिलं, क्लोराइड. तू एकटीने लिहिलंस, क्षार नायट्रेट, पांढरेपणा पाण्याचा. बरोबरच होतं. खऱ्या क्लोराइडचा साका दह्यासारखा घट्ट बसतो. हे म्हणजे पाणीदार ताक होतं. परीक्षक अप्पासाहेबांच्या कागदावरही नायट्रेटच होतं. पण एवढी मुलं एकदम कशी चुकतील, बाटलीच बदलली असणार, असं ठरवून त्यांनी बहुमताला पास केलं आणि तुला नापास.

"सर, नुसत्या पाण्यात दोन थेंब टाकून बघा," तू म्हणालीस. तेवढ्यात कॉफी आली. मी, डेमॉन्स्ट्रेटर आणि तुझा सख्खा मामा, बिनसाखरेची कॉफी ढवळत राहिलो.

परवा मी दोन नळ्या घेऊन प्रिन्सिपॉलांच्या खोलीत गेलो. अप्पासाहेब तिथेच होते. एकीत नळाचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड. थेंब टाकले. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने पहिली गढुळली, दुसरी स्वच्छ. परीक्षेच्या बाटल्यांत नळाचं पाणी कोणी भरलं, असं प्रिन्सिपॉलांनी विचारलं. वीस वर्षं मुलांना हात वर करायला लावतोय, परवा स्वतःचा केला. परीक्षेच्या सकाळी पाणी डिस्टिल करायचं यंत्र तडकलं होतं. बेंगळूरचं पाणी गोड, स्वल्प घातलं तर काय बिघडतंय, म्हणून मीच नळ सोडला. तू बोललीस त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. नोकरीच्या भीतीने गप्प बसलो.

नोकरी राहिली, बढती गेली. बाकीच्यांची परीक्षा सोमवारी पुन्हा आहे. ती मुलं मला पाहून रस्ता बदलतात. तुला पैकीच्या पैकी मिळाले. अक्का लिहिते, तू पुस्तकं वाटून टाकलीस आणि शिवणाच्या क्लासला जातेस. ऑनर्सचा फॉर्म सोबत आहे, शुक्रवारपर्यंत भरायचा. पालकाच्या सहीची जागा, जिथे तू इथे राहत होतीस तोवर माझंच नाव असायचं, मी कोरी ठेवली आहे. तिथे कोणाचं नाव हवं, ते तू सांग.

तुझाच, तुला अजून चालत असेन तर,
गुंडोमामा