बंबाच्या कडीची तार

मिस्त्रीचाचा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आमच्या घरात तुम्ही ओढलेल्या तारांचं रबर आता बोट लावलं तरी चुरा होऊन पडतं. परवापासून त्या उतरवून नव्या घालायला घेतल्यात, म्हणून आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

जुन्नरात तेव्हा वीज म्हणजे पुण्यामुंबईहून आलेल्यांनी मारायच्या गप्पा. पण वडिलांनी भातगिरणीच्या इंजिनाला डायनॅमो जोडला आणि गिरणीमागच्या घरात दिवे लावायचं ठरवलं. उजेडाची आम्हाला फारशी गरज नव्हती, शेजाऱ्यांना तो दिसण्याची होती. तुम्ही मुंबईच्या गिरणीत काम शिकून आलेले, म्हणून तुम्हाला बोलावलं आणि मग आठ दिवस तुमच्याशी भांडण्यात घालवले. तुम्ही प्रत्येक तार लाकडी पट्टीत बसवत होता, भिंतीतून काढताना चिनीमातीची नळी घालत होता, आणि माळ्यावर, जिथं भाताचा पेंढा रचलेला, तिथं तारेला एकही जोड देत नव्हता.

"मिस्त्री, नळ्या कशापायी? तारंला काय थंडी वाजतीय?"

"शेठ, मातीच्या भिंतीला वल असती, उंदराला दात असत्यात, आन वर पेंढा हाय. आता सांगा, कोनती नळी काढू?"

फ्यूजची केसाएवढी तार पाहून तर वडिलांचा पाणउताराच झाला. एवढ्या मोठ्या घराला इतकी बारीक तार! तुम्ही म्हणालात, "ती मरायसाठीच हाय, शेठ. ती मरती तवा घर जगतं." वडिलांना हे पटलं नाही. आमच्या घरात मरायसाठी कुणी ठेवलेलं असलं तरी ते असं उघड बोलायची पद्धत नव्हती.

मग बहिणीचा साखरपुडा. पाहुणे पेठ गावचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे, त्यामुळं जग पाहिलेले. वडिलांनी त्याच लाईनवर रंगीत दिव्यांची माळ चढवली. फ्यूज दोनदा उडाला. तुम्ही म्हणालात, "आज माळ काढा, उद्या येगळी लाईन वढतो." वडील म्हणाले, "उद्या पावणं पेठंला असत्याल, मिस्त्री!" दिवस मावळला तसे तुम्ही नमाजाला निघालात आणि मला म्हणालात, "भाऊ, ध्यान ठेवा." मिसरूड फुटलेला मी, कामाला हात न लावता आठ दिवस तुमचं काम बघत बसलेलो. मी ध्यान ठेवलं. पाहुण्यांच्या बैलगाड्या कोपऱ्यावर वळल्या आणि फ्यूज तिसऱ्यांदा गेला. मी न्हाणीघरात गेलो. बंबाची एक कडी निखळली होती, आईनं ती तांब्याच्या जाड तारेनं बांधली होती. ती तार सोडली, मेन स्विच बंद केला (शिकवण एवढी तरी पाळली) आणि फ्यूजमध्ये घातली.

काय उजेड पडला, चाचा! वडिलांनी मला प्रेमानं हाक मारली. हे आयुष्यात दोनदाच घडलं. पाहुण्यांचं गूळपाणी झालं, नारळ ताटात आला, तेवढ्यात व्याही नाक वर करून म्हणाले, "काय तरी जळतंय. आमटी लागली जणू." आतून आई फणकारली, "आमची आमटी न्हाई लागत!" खरोखर लागली नव्हती. लागत होती तार. तुम्ही दारातून आलात, वास घेतलात, चपला न काढता भरल्या बैठकीतून पळत गेलात आणि मेन स्विच खाली ओढलात. अंधारात व्याह्यांचा पाय नारळावर पडला. कंदील आला तेव्हा तुम्ही माळ्यावर होता. पट्टी काळी पडलेली, वितळलेलं रबर टपकत होतं, पेंढ्याची वीतभर कडा करपलेली.

खाली येऊन तुम्ही फ्यूज उघडलात. तार पाहिलीत. तिचा पीळ आणि काजळी पाहिलीत. मग मला पाहिलंत.

"चूक कुनाची?" व्याह्यांनी विचारलं. त्यांचा हात आपल्या पागोट्याकडे गेला होता. असल्या घरातली मुलगी करायची की उठायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

तार खिशात घालत तुम्ही म्हणालात, "माझी, पावणं. तार म्याच जाड टाकली व्हती."

साखरपुडा कंदिलाच्या उजेडात पार पडला. वडिलांनी तुम्हाला त्याच क्षणी काढलं आणि बाजारात अशी बोंब मारली की वर्षभर तुम्हाला कुणी घराच्या आत घेतलं नाही. तुम्ही स्टोव्हच्या पिना बदलत बसलात. मी तुमच्या दारात आलो तेव्हा शिवी द्याल असं वाटलं होतं. तुम्ही ती तार माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "बंबाला बांधा. आंगुळीचं पानी सांडतंय तुमच्या आईचं. आन मंग या, शिकवतो." मी शिकलो. लोक आता मला मिस्त्री म्हणतात.

हे पत्र मेन स्विचच्या पेटीत ठेवणार होतो, पण तिथं कागद ठेवू नये हेही तुम्हीच शिकवलंत. तारा बदलतोय ते बघायला बहीण पेठहून आलीय. आत्ता स्वयंपाकघरात आपल्या सुनेला सांगतेय, "लई वंगाळ मिस्त्री व्हता गं, माझं लगीनच मोडत व्हता. इचार मामाला."

सुनेनं दारातून विचारलं. मी मान डोलावली, चाचा. आजही.