बिसेरा रिकामी नव्हती

प्रिय झोर्नित्सा,

रविवारी फोनवर तुला सांगितलं, सगळं ठीक आहे. दर रविवारी तेच सांगते. आता सांगून सांगून कंटाळा आलाय, म्हणून हे पत्र.

वसंतातला संत जॉर्जचा सण झाला. गोठ्याच्या दाराला हिरव्या डहाळ्या बांधल्या, बादलीवर फुलांचं कडं ठेवलं. त्यातून पहिली धार दरवर्षी मी काढते. यंदा प्रयोगशाळेतल्या स्पासला बसवलं. त्या बिचाऱ्याचा जन्म दही लावण्यात गेला, धार कुठली काढता येणार? म्हशीनं बादली लाथाडली, दूध त्याच्या नव्या पँटवर. सगळे हसले. मीही बाकावर बसून हसले.

आमचं संशोधन अजून रखडत चाललंय. सुया देऊन म्हशी हिवाळ्याच्या तोंडावर माजावर आणायच्या, म्हणजे पुढच्या शरदात वितील आणि थंडीतही भरपूर दूध मिळेल. मग प्रत्येकीचं दही वेगळ्या मडक्यात लावून पाहायचं, की वेताचा हंगाम बदलला तर दही बिघडतं का. म्हशी गाभण करणं आणि तपासणं माझ्याकडे, दही स्पासकडे. सुया दिल्या तरी म्हशीचा माज मुकाच. ती ओरडत नाही, काही नाही. तिच्या मागे मागे हिंडून माझे पाय गेले.

बिसेरा तुला आठवत असेलच, शिकत होतीस तेव्हा तुझ्या हातावर जन्मलेली. ती गाभण आहे का, ते मी हिवाळ्यात हात घालून तपासलं, सणाआधी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा हाताला काही लागलं नाही. रिकामी, म्हटलं. गाभण न राहणारी म्हैस पोसायची नाही, हा नियम माझाच. संचालकबाईंनी सण उलटल्यावर कत्तलखान्याची गाडी बोलावली.

गाडी यायच्या दिवशी सकाळी स्पास मडकं घेऊन गोठ्यात आला. म्हणाला, "रादका, बिसेराचं दही सुरीनं कापावं लागतंय, आणि मागाहून जिभेला खारट लागतंय. गाभणीचं दूध असंच होतं. ही गाभण आहे." मी म्हटलं, "तू तुझा चमचा सांभाळ. म्हशीच्या पोटातलं मला सांगू नकोस." तो म्हणाला, "नाही सांगत. सोनोग्राफीचं यंत्र लावून बघ म्हणतो. तुझा हात काय संत जॉर्जनं दिलाय?" माझं डोकंच फिरलं. त्याच्यासमोर बाही वर करून पुन्हा हात घातला. काही नाही. तेवढ्यात गाडी फाटकात येऊन उभी राहिली. तू तिकडे आयर्लंडात गाईंना यंत्र लावतेस म्हणून मी तुला किती चिडवते, पण त्या दिवशी कपाटातलं यंत्र स्पासनं काढलं आणि मी मुकाट्यानं लावलं. पडद्यावर रेडकानं पाय झाडला.

गाडी रिकामी परत गेली. संचालकबाई म्हणाल्या, "चुकतं माणूस." स्पासनं दही पुढे केलं. मी मडकं बाजूला सारलं.

तुला तर ठाऊक आहे, इतक्या महिन्यांच्या गाभण म्हशीत गर्भाला रक्त नेणारी शीर बोटाखाली थरथरते. ती चुकूच शकत नाही. तशी शिकाऊ पोरांनासुद्धा कळते. ती तिथेच थरथरत होती गं, माझ्याच बोटांना कळली नाही. हिवाळ्यापासून बोटं बधिर आहेत. कप सुटतात, बटणं लागत नाहीत. मानेतली नस दबलीय. शस्त्रक्रिया करा म्हणतात, पण बोटं परत येतील का विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात.

अक्षर माझं नाही, हे तुला पहिल्या ओळीलाच कळलं असेल. मी बोलतेय, स्पास लिहितोय. म्हणाला, फोनवर तुझ्या तोंडून खरं निघत नाही, तर असं सांग, मी एक शब्द गाळणार नाही. म्हशींसाठी तुला बोलवत नाही, त्यांना नवा डॉक्टर मिळेल. शस्त्रक्रियेला मला एकटीला जायचं नाही. मला भीती वाटते, झोर्नित्सा. ये. खालची सही तेवढी मी केलीय. वाचता आली नाही, तरी माझीच आहे.

तुझीच,
आई