अक्षतासाठी खोली

कोपरखैरणे, नवी मुंबई
शनिवार, २४ मे २०२५

ती. वेणूअक्कास,

धाकट्या सयाजीचा साष्टांग नमस्कार. पालीच्या खंडोबाच्या कृपेनं आम्ही हातीपायी धड आहोत, तुम्हीही तसेच असाल. दाजींच्या गुडघ्याला उतार पडला का ते कळव. तू पाठवलेले आंबे पोचले. वरचे चार-दोन दबले होते, बाकीचे गोड निघाले. सनीच्या आईनं रस केला होता. मार्केटात यंदा कांद्याची आवक बरी आहे, त्यामुळं गाळ्यावर सारखी धावपळ असते. उन्हाचा तडाखा तिकडच्यासारखाच, पण इथं अंग चिकचिकतं.

फोनवर बोलता आलं असतं. पण दाजी तुझा फोन स्पीकरवर लावतात आणि ओसरीवर जो बसलेला असेल तो ऐकतो. म्हणून लिहायला बसलो. दहावीनंतर एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे.

अक्षताला घणसोलीच्या शाळेत नोकरी लागल्याचं तू सांगितलंस, त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. आपल्या दोन्ही घरांत मास्तरीण झालेली ती पहिलीच. तू पुढं म्हणालीस, "मामाच्या घरात राहणार असली तरच हे तिला सोडतील. परक्या खोलीत पोरगी ठेवणार नाही म्हणतात, मग नोकरी गेली तरी चालंल." त्यावर मी नुसतं "बघू" म्हणालो. तुला ते लागलं असणार. बहिणीची लेक राहायला यायची म्हटल्यावर भाऊ कधी "बघू" म्हणतो का?

अक्का, तिनं ही नोकरी सोडू नये. आणि तिनं आमच्या घरातही राहू नये. मी तिच्यासाठी तळवलीत खोली बघून ठेवली आहे.

आमचं घर तू बघितलं आहेस. दोन खोल्या आणि मागची ती बोळासारखी जागा. तिला वह्या तपासायला, दुसऱ्या दिवसाची तयारी करायला निवांतपणा लागणार. सनीची आई दिवसभर टीव्ही लावून बसते. बाहेर रिक्षांचा गोंगाट. पाणी पहाटे येतं. ही सगळी कारणं खरी आहेत.

खोलीसाठी मी बरेच दिवस फिरत होतो. गाळ्यावरचा बाजीराव जोडधंदा म्हणून खोल्यांची दलाली करतो, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "टीचर? टीचर म्हणजे बेस्ट पार्टी, काका. पण बॅचलर सोसायटीला नाय चालत."

"अरे, मुलगी आहे ती."

"लगीन नाय झालं ते सगळं बॅचलर. मुलगी असू द्या नायतर मुलगा."

त्यानं एक जागा दाखवली. एका खोलीत सहा खाटा, मधे दोरीवर चादरी टाकलेल्या, आणि दाराशी मालकाचा पुतण्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेला. सगळ्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या त्याच्याकडं. नको म्हणालो. मग नावड्याला गेलो. खोली हवेशीर, भाडंही झेपण्यासारखं, पण कंपन्यांचा वास आणि स्टेशनापासून इमारतीपर्यंतचा रस्ता दिवसाउजेडीसुद्धा ओस. तेही नको म्हणालो. बाजीराव वैतागला. म्हणाला, "काका, लोकं पानी येतं का बघतात, पंखा चालतो का बघतात. तुमी सगळीकडं बाथरूमची दारं काय चाचपताय?"

मी चाचपत होतो, हे मला त्यानं म्हटल्यावर कळलं.

शेवटी तळवली गावठाणात पुतळाबाई म्हणून एक आगरी बाई आहेत, त्यांच्याकडं जमलं. वयानं तुझ्याएवढ्या, विधवा. खाली स्वतः राहतात, वरची खोली मुलींना देतात. वर जायचा जिना त्यांच्या स्वयंपाकघरातून आहे, म्हणजे कुणीही आलं तरी त्यांच्या समोरून जाणार. मला दारातच उभं करून त्यांनी सांगून टाकलं, "माजे घरान बाप्या मानूस वर जायाचा नाय. बापूस आला तरी खालीच बसल, चा पियेल आनि जायेल." मला ते ऐकून फार बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "पन तुजं घर कोपरखैरण्याला हाय ना? मामाचं घर हाय, मंग पोरगी माजे घरा कनाला?"

हा प्रश्न मला सगळीकडं विचारला गेला. बाजीरावाला मी जागा लहान असल्याचं सांगितलं होतं. नावड्याच्या मालकाला बायको आजारी असल्याचं सांगितलं. पुतळाबाईंना म्हणालो, शाळा जवळ पडते. त्या वर हाक मारून म्हणाल्या, "आरिफा, खाली ये गो. मामा आलाय पोरीचा."

आरिफा उरणजवळच्या मोऱ्याची. वाशीच्या एका शाळेत गणित शिकवते, शनिवारी घरी जाते. वय अक्षताएवढंच, फार तर दोन वर्षांनी मोठी. तिची जोडीदारीण लग्न होऊन गेली, म्हणून तिला एक मुलगी हवी आहे, आणि ती मास्तरीण असेल तर बरं, म्हणजे झोपायच्या-उठायच्या वेळा जमतात. तिनं मला पाणी दिलं आणि वर्गातल्या पोराला विचारावं तसं एकेक विचारत गेली. मुलगी मांसमच्छी खाते का, घरचे सारखे येऊन बसणार का, कुणाला कळवायचं झालं तर कुणाला. मी माझा नंबर दिला. मग म्हणाली, "काका, अजून एक. आमच्या इथं भाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ कुणी चालत नाही. तुमच्या घरी मुलगा आहे का?"

"आहे."

"मग त्याला आधीच सांगून ठेवा. मागून वाद नकोत."

मी म्हणालो, "तो आला तर दार उघडू नका. मी पाठवलंय म्हणाला तरी उघडू नका."

पुतळाबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. कुणीच मला पुढं काही विचारलं नाही. आरिफानं फक्त मान हलवली आणि म्हणाली, "अक्षताला म्हणावं, खिडकीकडची जागा तिची."

जे वाक्य मी बहिणीजवळ बोलायला हवं होतं, ते एका अनोळखी मुलीजवळ बोलून बसलो. तेव्हापासून तुला लिहायचं म्हणतोय.

मागच्या वर्षी आमच्या मागच्या जागेत मंजुषा नावाची मुलगी भाड्यानं राहत होती, तुला आठवत असेल. विट्याकडची, तीही शाळेतच शिकवायची. गणपतीत तू आली होतीस तेव्हा तिनं तुला मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवलं होतं. दिवाळीच्या आधी ती एकाएकी गावी गेली आणि मी तुला सांगितलं, तिचं लग्न ठरलं. लग्न वगैरे काही ठरलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली होती. मी चहा पीत होतो. ओल्या केसांनी बाहेर आली आणि तिनं माझ्या बशीशेजारी एक मोबाइल ठेवला. न्हाणीघराच्या फळीवर निरम्याच्या पुड्यांमागं उभा करून ठेवलेला होता, चालू. "काका, हा कुणाचा?" तिनं विचारलं. ओळखायला वेळ लागला नाही. मागच्या बाजूला खंडोबाचा स्टिकर होता, तो पालीच्या यात्रेत मीच घेऊन सनीला लावून दिला होता.

सनीच्या आईनं तिचे पाय धरले. पोरकटपणा झाला, पुन्हा होणार नाही, बाहेर बोलू नकोस, तुझीही बदनामी होईल, असं सगळं म्हणाली. मी गप्प होतो. मंजुषानं त्याच दिवशी बॅग भरली. नोकरीसुद्धा सोडून गेली. मी तिला गाडीत बसवून आलो.

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो, कारण आपल्या घरात वाढलेल्या माणसालाच ते कळेल. रविवारी सनीला अंघोळ करायला लावली आणि देवघरापुढं बसवून त्याला बेलभंडारा उचलायला लावला. असं परत करणार नाही म्हणून त्यानं शपथ घेतली. ढसाढसा रडला. मीही रडलो. आपल्या आबांनी बांधाचं भांडण असंच मिटवलेलं आपण दोघांनी बघितलं आहे. बेलभंडारा उचलला की माणूस खोटं वागत नाही, हे मी लहानपणापासून धरून चाललो. मला वाटलं, देवापुढं मिटलं. त्या दिवसापासून मी शांत झोपत होतो.

तुझा फोन आला त्या दिवशी सनी मला म्हणाला, "अक्षू येतीय ना? मागची खोली मी साफ करतो." त्यानं खरंच केली. कोळिष्टकं काढली, न्हाणीघराला रंग दिला. त्याची आई म्हणाली, बघा, बहिणीसाठी कसा राबतोय. मलाही बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी अंघोळीला गेलो तर दाराच्या कडीखाली रंगाचा एक ठिपका वेगळा दिसला. बोट लावलं. साबण होता. तो भुगा होऊन खाली पडला आणि मागं पेन्सिलीएवढं भोक.

अक्का, अक्षता दर राखीपौर्णिमेला त्याला राखी पाठवते.

त्या दिवशी मी पूजा केली नाही. ओल्या पंच्यानं बराच वेळ देवघरापुढं उभा होतो, आणि खंडोबाकडं बघायचीही लाज वाटत होती. जे काम माझं होतं ते मी त्याच्यावर टाकून मोकळा झालो होतो.

परवा मंजुषाला फोन केला. ओळख सांगितली. मी म्हणालो, "पोरी, तुझ्यावर अन्याय झाला. मी त्याला तेव्हा देवापुढं—"

"काका, फोनचं काय झालं?"

"त्यानं शपथ घेतली होती गं—"

"मी फोनचं विचारतेय. त्यात जे होतं, ते कुणी पुसलं? तुम्ही बघितलं होतंत का?"

मी फोन उघडून बघितलाच नव्हता. तिला गाडीत बसवून आलो आणि तो सनीच्या हातात परत दिला होता. पाडव्याला त्यानं नवा फोन घेतला, जुन्याचं काय केलं तेही कधी विचारलं नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "रोज कुणी ओळखीचं माझ्याकडं बघून हसलं की मला वाटतं, यानं बघितलंय." मग म्हणाली, "पोलिसांत गेले तर तुम्ही येणार का?" मी येतो म्हणालो. विचार करून कळवते म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा फोन आला की मी जाणार. सनीच्या आईला हे अजून माहीत नाही.

दाजींना काय सांगायचं हा प्रश्न तुला पडेल. मामाचं घर असताना पोरगी परक्या बाईच्या माडीवर, तीही मुसलमान मुलीबरोबर का, असं ते विचारणार. त्यांना हे पत्र वाचून दाखव. माझी अब्रू राखण्यासाठी दुसरं काही कारण काढू नकोस. तसलं कारण काढलंस तर ते तिला पाठवणार नाहीत आणि पोरीची नोकरी जाईल. यात तिचा काय दोष?

अक्षतालाही खरं ते सांग. अर्धवट नको. सनी तिला कधी शाळेबाहेर भेटला, आईला बरं नाही, घरी चल म्हणाला, तरी तिनं जायचं नाही. मला बघायला म्हणूनसुद्धा यायचं नाही. मला तिला भेटावंसं वाटलं तर मी पुतळाबाईंकडं जाऊन खाली बसेन.

सनीशी मी अजून बोललेलो नाही. आधी बोललो तर तो माझे पाय धरेल, त्याची आई पदर पसरेल, आणि हे पत्र माझ्या खिशातच राहील. मला माझी खात्री नाही. म्हणून गाळ्यावर बसून लिहितोय. इथून सरळ पोस्टात जाणार, पत्र टाकणार, आणि मग घरी जाऊन त्याला समोर बसवणार. या वेळी देवघराचं दार लोटून घेईन.

तू रागावशील, कदाचित बोलणंही टाकशील. ते मी सोसेन. उत्तर नाही आलं तरी चालेल. फक्त अक्षता शाळा उघडायच्या आधी तळवलीत पोचली, एवढा निरोप कुणाकडून तरी मिळू दे.

अक्षताचा मामा आणि सनीचा बाप,
सयाजी