डॉन एलिसेओची टोपी

४ मे

फाटक मला मिळालं! न्याहारीच्या वेळी केंद्र चालवणाऱ्या मिर्ताबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं — "उद्यापासून फाटक ओमारकडे." भट्टीवाल्यांनी टेबल बडवलं. माझे कान लाल झाले असणार.

इथं सुधारायला आल्यावर आधी संडास घासायचे, मग डुकरं, मग स्वयंपाकघर, मग पावाची भट्टी. फाटक सगळ्यात वर. आणि त्याला कुलूपच नाही! ज्याला नशेकडे परत जायचंय त्यानं खुशाल जावं. फाटकवाल्यानं त्याची बॅग उचलायची, हमरस्त्यावरच्या थांब्यापर्यंत सोबत जायचं आणि बस येईपर्यंत शेजारी बसायचं. "राहा" म्हणायचं नाही. इतकी वर्षं हे काम डॉन एलिसेओनं केलं (वडीलधाऱ्यांना इथं मानानं 'डॉन' म्हणतात), आता त्याचे गुडघे गेले.

संडास, डुकरं, पाव — सगळं केलं मी. एकही पायरी चुकवली नाही. आज झोप कुठली येतेय.

६ मे

म्हातारा काही शिकवतच नाही. फाटकाशी बाकावर बसून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत राहतो. पिऊन झाला की भोपळ्याच्या तुंब्यात पुन्हा गरम पाणी ओततो आणि नळी माझ्याकडे करतो. मी म्हटलं, काम काय ते सांगा. म्हणाला, "बसायला शीक." मी म्हटलं, रोसारिओ शहरात बस चालवलीय मी, अर्धं आयुष्य बसण्यात गेलं. तर म्हणे, "ते तू पळत होतास, ड्रायव्हरसाहेब. बुडाखाली सीट होती एवढंच."

खवट आहे. टोपी मात्र झोकात घालतो — काळी, गोल, एका कानावर कललेली.

७ मे

पाऊस. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

११ मे

त्या थांब्यावर जाऊन बसलो आणि डोकं तापलं. मी आलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात बॅग भरली होती. अंगात ताप, हाडं ठणकत होती, आणि जगात एकच गोष्ट हवी होती. एलिसेओ बॅग घेऊन सोबत आला. सकाळची निळी बस आली. मी हात केला. ड्रायव्हरनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि गेला निघून! अर्धी बस रिकामी! मी माझ्या रूटवर कोपऱ्यावरून पिशव्या हलवत येणाऱ्या म्हातारीसाठीसुद्धा थांबायचो. नाकात माल असायचा तेव्हाही थांबायचो. थांब्यावरचा प्रवासी सोडायचा म्हणजे काय? धूळ खाली बसेपर्यंत मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एलिसेओ आपला शांत. टोपी मांडीवर ठेवून रुमालानं टक्कल पुसत होता.

संध्याकाळी आम्ही परत आलो. येताना बॅग माझ्या हातात होती. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवतो — मी माझ्या पायांनी परत आलो. कुणी ओढून आणलं नाही.

१८ मे, रविवार

रोसिओ आली! माझी पोरगी. माझी आई तिला घेऊन आली, एम्पानाडांचा, खिम्याच्या करंज्यांचा, डबाही आणला. मागच्या खेपेला रोसिओ गाडीतून उतरलीसुद्धा नव्हती. उंच झालीय.

तिला फाटक दाखवलं. माझं आहे म्हटलं. तिनं कडी वर-खाली करून पाहिली.

"कुलूप नाही? मग तू पळून का नाही गेलास?"

"गेलो होतो. परत आलो."

"कुणी आणलं?"

"कुणी नाही. माझा मी आलो."

 जाताना ती आजीला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेतानं — "आजी, बाबा स्वतःहून परत आला."

भट्टीमागे जाऊन रडलो. छाती फुगली होती आणि रडत होतो.

२ जून

वाल्तेर उद्या सकाळच्या बसनं जातो म्हणतोय. प्लास्टरवाला, कोर्दोबाकडचा. येऊन महिनाही झाला नाही. डुकरांना लळा लागलाय त्याचा. दिवसभर भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

माझी पहिलीच वेळ. एलिसेओला सांगायला गेलो, तर त्यानं आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

"राहू द्या हो. तुमची शोभा जाईल."

"शोभेची नाही ती. बस दिसली की काढायची. डोक्यावर टोपी नसली की तो ड्रायव्हर, तीतो, थांबत नाही. त्याचा भाऊ इथंच सुधारला, तेव्हापासून ठरलंय आमचं. पण फक्त सकाळची बस. संध्याकाळी टोपी डोक्यावर ठेवायची. मग ज्याचं त्यानं बघावं."

थांब्यावरचा तो दिवस डोळ्यासमोर आला. टक्कल. रुमाल. मांडीवरची टोपी.

"म्हणजे त्या दिवशी मला..."

"मग? तुझं थोबाड आवडलं नाही म्हणून गेला, असं वाटलं होतं?"

जेवलो नाही. माझ्या पायांनी आलो म्हणे! टोपीनं अडवलं मला, आणि मी कॉलर ताठ करून हिंडतोय. पोरीला काय सांगून बसलो. ती आता शाळेत, गल्लीत सांगत असेल. तिला खरं सांगायचं कोणत्या तोंडानं?

३ जून

टोपी काढली. हात उचलवत नव्हता — जन्मभर प्रवासी घेतले, आणि आता हे. तीतोनं बघितलं आणि वेग वाढवला. वाल्तेर बसमागे धावला, दगड भिरकावला, आणि मग तीतोला जे काही ऐकवलं ते माझ्याहून सरस होतं. नंतर बाकावर येऊन कोसळला.

दिवसभर बसलो. थंडी होती. माते दिला, पाव दिला. तो बायकोबद्दल बोलला, रडला, झोपला, उठून पुन्हा शिव्या दिल्या. "राहा" हा शब्द कितीदा जिभेवर आला. गिळला. बसायला शीक म्हणजे काय ते आज कळलं.

संध्याकाळची बस आली. टोपी डोक्यावर. तीतो थांबला, दार उघडलं. वाल्तेर दाराशी गेला आणि तिथंच उभा राहिला. मला वाटलं, वळतोय. मी बॅग पुढे केली, नियमाप्रमाणे. त्यानं ती घेतली आणि चढला.

परत आलो तर एलिसेओ फाटकाशी काठी टेकून उभा. माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "कुलूप नाही, येईल," म्हणाला.  खूप वाईट वाटतंय.

४ जून

भट्टीत पाव घालताना एकदम आठवलं. सकाळच्या बसवरचा राग इतका होता, की दुसरी बस मी कधी हिशेबातच धरली नव्हती. त्या दिवशीही संध्याकाळची बस आली होती. थांबली होती. दार उघडं होतं, एलिसेओची टोपी डोक्यावर होती. त्यानं बॅग पुढे केली. मी घेतली, आणि फाटकाच्या दिशेनं चालायला लागलो.

रोसिओला मी खरं तेच सांगितलंय.