कोरडी जागा

ता. ४ जुलै
आलं ते – मक्याचा भरडा एक पोतं, अडतीस आणे. गव्हाचा कोंडा, अकरा. शिंपल्यांचा चुरा, तीन. हमाली दोन. दोन! कोपऱ्यावरच्या दुकानातून दारापर्यंत आणायचे!

खाद्यवाला म्हणाला, "वहिनी, माल खडखडीत वाळलेला आहे. पुढचं तुमचं." पुढचं सगळं माझंच असतं. पोतं परसात खुराड्याच्या आत, घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. वर पत्रा आहे. बाकी देव बघेल.

ता. ७ जुलै
भरड्यात हात घातला तर गार! तळाला गोळे झालेत. पत्र्याला भोक असणार. ह्यांना सांगितलं. "रविवारी बघतो." कितवा रविवार, ते नाही सांगितलं.

सासूबाईंची गादी आज पुन्हा ओली. पडतील म्हणून त्यांना खाटेवरून खाली, भिंतीशी घातलंय. तेवढंच बरं, खाट तरी वाचली. चादर धुतली, गादी चुलीच्या उबेला उभी केली. "अगं, मी नाही गं केलं," म्हणतात. बोलून काय गादी वाळणार आहे?

ता. ९ जुलै
ह्यांनी पत्र्याला डांबर फासलं. शर्टालाही फासलं. शर्ट कामातून गेला.

ता. १० जुलै
खाद्य ओलंच. वरून एक थेंब नाही, तरी! पोतं विटांवर चढवलं, वरून गोणपाट घातलं. बुरशी आलेलं वेचून टाकताना जीव तुटत होता. उरलेलं तव्यावर परतून घेतलं, ऊन नाहीच तर काय करणार? घरभर वास. हे म्हणतात, "कोंबड्यांचा थाट आहे बुवा! आम्हाला कुणी असं भाजून वाढत नाही." हसायलासुद्धा त्राण नव्हतं.

ता. १३ जुलै
तिन्हीसांजेनंतर सासूबाईंचं पाणी बंद केलंय. चहाही. काल निजताना "घोटभर दे गं" म्हणत होत्या – ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि सकाळी गादी ओलीच! वास मात्र येत नाही. साबण लावते आहे त्याचा गुण म्हणायचा.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "वयाचं असतं हो ते. सासू नाही, पोर झालीय आता तुमची." पोराला निदान उचलून घेता येतं.

दुपारी त्या आपणहून म्हणाल्या, "असेल बाई. मीच करत असेन. मला कळत नसेल आता." मान वर केली नाही. मला वाटलं, कबूल केलं एकदाचं, बरं झालं.

ता. १४ जुलै
थोरली कोंबडी गेली. खुराड्यात सगळ्यांत गरीब तीच होती.

ता. १६ जुलै
वन्सं आल्या. मीच कळवलं होतं, तुमच्या आईचं माझ्याच्यानं आता होत नाही म्हणून. आल्या आल्या म्हणाल्या, "माझ्याकडे तरी कोण रिकामं बसलंय? थोडे दिवस ठेवून घेते. मग वृद्धाश्रम. जागा बघून ठेवलीय, शब्द तेवढा द्यायचाय." हे खिडकीबाहेर बघत राहिले. ह्यांना नेमकी खिडकी सापडते.

निघताना मी सासूबाईंपुढे पाण्याचा पेला धरला. ओठ गच्च मिटून घेतले त्यांनी. "नको. गाडीत पंचाईत होईल." वन्सं हसल्या, "शहाणी झालीस गं आई!" मीही हसले.

ता. १७ जुलै
धुणं कमी. दुपारी पाठ टेकली. किती दिवसांनी!

ता. १८ जुलै
डोकं चाललं! सासूबाईंची खोली रिकामीच आहे. पत्रा नको, डांबर नको. नवा भरडा आणला, खाद्यवाल्याकडून दोन आणे सोडवून घेतले. पोतं आत नेलं आणि जिथे त्यांची गादी होती तिथेच ठेवलं, भिंतीला टेकवून. ह्यांना म्हटलं, "बघा, घरात कोरडी जागा होती की!"

ता. २० जुलै
भरडा काढायला गेले. पोतं ओलं. खालून आणि भिंतीच्या अंगानं. बाजूला ओढलं, तळहात फरशीवर ठेवला – दमट. भिंतीवर ठेवला – हात भिजला. पलीकडच्या बाजूला खुराडं. भिंत एकच आहे.

या खोलीत आता कुणी निजत नाही.

हे म्हणाले, "काय झालं? अशी का बसलीस?" देवापुढे दिवा लावला. नाव तोंडातून निघेना.

ता. २१ जुलै
सकाळीच वन्संना कार्ड टाकलं. लिहिलं ते असं –

ती. वन्संस सा. न. आश्रमाला शब्द देऊ नका, आईंना न्यायला आम्ही येतो. त्यांना मागतील तेव्हा पाणी द्या. मागणार नाहीत – तरी द्या. आपल्याकडे त्यांची गादी सकाळी कोरडी असते का, तेवढं उलट टपाली कळवा.