सगळ्यांचं ट्रेनिंग मीच करते

सोमवार, ३
आज कामाला लागले! ताई आधीपासून इथे आहे, तिनेच साहेबांना गळ घातली. लॉन्ड्री म्हणतात, पण अख्खा कारखानाच आहे. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून येतात. आधी धुण्याची मशिनं, मग खोलीएवढे ड्रायर, मग इस्त्रीचे रोलर. दोघींनी ओली चादर दोन टोकांना धरून रोलरच्या तोंडात द्यायची, पलीकडून कडक, सपाट होऊन बाहेर येते. बघतच राहावंसं वाटतं.

रोलरवरच्या मावशीने विचारलं, शाळा का सोडलीस गं. मी काहीच बोलले नाही. वर्गात उभं केलं की माझी दातखीळ बसायची, ते कसं सांगणार. ड्रायरवर एक दाढीवाला आहे, त्याने लगेच नाव पाडलं, मुकी. सगळे हसले. ताईपण जराशी हसली. असू दे. जेवताना तिने तिच्यातलं अर्धं मला दिलं.

मंगळवार, ४
नव्या माणसाला आधी ऑनलाइन ट्रेनिंग. हॉलच्या कडेला काचेची खोली आहे, तिथे टॅब ठेवलाय. धडा बघायचा, मग दहा प्रश्न. धड्यात एक कार्टूनचा माणूस असतो, गुळगुळीत, नाक-डोळे काही नाहीत. हात कुठे घालायचा नाही ते दाखवतो.

मला दहापैकी दहा! शाळेत कधी पडले नाहीत एवढे. टॅब उभं करून बोलायला लावत नाही ना.

साहेब एकदम खूश. म्हणाले, बाकीच्यांचं दोन महिने तुंबलंय, वरून रोज फोन येतात, तूच उरकून टाक सगळ्यांचं. इथे अशीच पद्धत आहे म्हणे. ज्याला टॅब जमतो तो सगळ्यांचे हजेरीचे नंबर टाकून बोट चालवतो, बाकीचे कामावर. मावशी म्हणाली, बाळा, माझंपण कर गं, मला ते सरकवायला जमत नाही.

गुरुवार, ६
मावशीचं केलं. दाढीवाला मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, मुकी परीक्षेला बसली रे, चिठ्ठी पुरवू का. मी गडबडले. रोलरमध्ये चादर अडकली तर आधी काय करायचं? मशीन बंद, हे मला झोपेतपण येतं. पण बोट पडलं 'हाताने ओढा'वर. लाल फुली आली आणि छोटासा व्हिडिओ लागला. कार्टूनचा माणूस चादर ओढतो आणि चादरीबरोबर कोपरापर्यंत आत जातो. त्याच्या डोक्याला मावशीसारखाच पिवळा रुमाल होता. गंमतच.
नऊ मार्क. पास.

शुक्रवार, ७
मावशीचा हात गेला. कोपरापर्यंत. साडेअकराला, माझ्यासमोर. वीस वर्षं त्याच रोलरवर आहे, मशीन बंद केल्याशिवाय चादरीला बोट लावत नाही, असं सगळे सांगत होते. आज ओढली. पलीकडून चादर बाहेर आली ती
नको.

साहेब फोनवर वरच्यांना सांगत होते, ट्रेनिंग झालं होतं हो तिचं, कालच, नऊ मार्क आहेत, चूक तिचीच. मग माझ्या पाठीवर थाप मारली. बरं झालं वेळेत उरकलंस, म्हणाले.

सोमवार, १०
ताईला त्या व्हिडिओचं सांगितलं. ती म्हणाली, भलतंसलतं डोक्यात घेऊ नकोस, गपगुमान काम कर. मावशीच्या जागी आता तिलाच उभं केलंय.

दाढीवाल्याने माझ्या डब्यात साबणाचं पाणी ओतलं. म्हणाला, ओरड ना, बोलता येतं का बघू तरी. सगळे हसले. ताई खाली बघून जेवत राहिली.
उद्या त्याचं ट्रेनिंग आहे.

मंगळवार, ११
नऊ बरोबर दिले. दहावा मुद्दाम चुकवला. ड्रायरमध्ये अडकलेलं कापड कसं काढायचं. मी दाबलं, 'आत शिरून'. नुसतं बघायला.
कार्टूनला दाढी होती. तो आत शिरला. दार लागलं. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला.

बुधवार, १२
दार उघडेना. चौघंजण ओढत होते. आतून ठोकणं बराच वेळ चाललं, मग नुसता ड्रायर फिरत राहिला.
मेला.
मला रडू आलं नाही. दुपारी पोटभर जेवले. ताईने टाकलेलंपण खाल्लं.
साहेब फोनवर — नऊ मार्क आहेत हो त्याला.

गुरुवार, १३
एकच नंबर उरलाय. ताईचा.
मी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, उद्या दुपारपर्यंत झालं नाही तर दोघी घरी बसा. ताईला सगळं सांगितलं, दाढीवाल्याचंपण. तिने कानाखाली वाजवली. मग माझा हात घट्ट धरला. म्हणाली, एवढी भीती वाटते ना, तर दहाच्या दहा आण.
आणणार. सगळे धडे पाठ केलेत. दोनदा.

शुक्रवार, १४
नऊ बरोबर —

दहावा प्रश्न धड्यात नव्हता.
दाढीवाल्याला कुणी मारलं.
खाली दोन फोटो. माझा आणि ताईचा. माझा कुणी काढला?
त्याच्या खाली बारीक अक्षरात — निवडलेल्या व्यक्तीचं प्रात्यक्षिक लगेच होईल.

उत्तर मला ठाऊक आहे. पण माझं प्रात्यक्षिक म्हणजे —

ताईवर बोट ठेवलं. चुकून नाही. मीच ठेवलं.

लाल फुली. कार्टूनला ताईची वेणी आहे. वेणी रोलरमध्ये —

बटण आलंय. उत्तर बदला. साठ सेकंद.
काचेतून दिसतेय ती. चादर अडकलीय. मशीन चालूच. ती वाकतेय —
खोलीचं दार उघडत नाहीये. काचेवर ठोकलं. मशिनांच्या आवाजात काही ऐकू जात नाही.

चाळीस. माझ्या फोटोपर्यंत बोट नेलं. मागे घेतलं.
दुखेल. खूप दुखेल. दाढीवाला किती वेळ ठोकत होता —

बावीस.
दाबते. ताईसाठी दाबणारच. आधी एवढं लिहून ठेवते, म्हणजे तिला कळेल की मी —

नऊ. तिची वेणी पुढे आली.

दाबते गं ताई. एवढं वाक्य पुरं झालं की